नुसतं बघायचे पैसे का घेता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो. "गाडी मिसिंग करतेय, जरा बघता का?" असं म्हणत माणूस येतो. मिसिंग म्हणजे इंजिन मधेच पेटायचं चुकतं. बघायची मजुरी किती ते मी आधीच सांगतो आणि तिथेच त्याचा चेहरा पडतो. "पार्ट काही टाकला नाहीत तर पैसे कसले?" कराडच्या माझ्या गॅरेजात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की हल्ली उत्तर देताना आवाज चढतो. चढू नये असं वाटतं, पण चढतो.

फोनवर तर त्याहून कमी शब्दांत विचारतात. "मिसिंग आहे, काय बदलू तेवढं सांगा." अहो, काय बदलायचं हेच तर शोधायचं असतं. ३००० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना, एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो. त्यातल्या काही वेळा तो पेटत नाही, एवढंच गाडी धक्के देऊन सांगते. पेट्रोल कमी पोचलं, हवा जास्त ओढली गेली, ठिणगी कच्ची पडली की दाबच धरला नाही, हे ती सांगत नाही. नव्या गाडीला स्कॅनर लावला की पी०३०३ असा कोड येतो, म्हणजे तिसरा सिलिंडर. वेळ वाचतो, नाही म्हणत नाही. पण तिसराच का, ते कोडात लिहिलेलं नसतं. जुन्या गाडीला तेवढाही आधार नाही. तिथे इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढायची आणि कान द्यायचा. वायर काढल्यावर इंजिन बसलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तिथे.

पावसाळ्यात कोकणातून घाट चढून येणाऱ्या गाड्यांचं मिसिंग बरेचदा ओलीचं असतं. दिवसा बॉनेट उघडून काही दिसत नाही. रात्री गॅरेजातले दिवे घालवायचे, फवाऱ्यानं वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपवर बारीक पाणी मारायचं, मग निळी ठिणगी वायरीच्या अंगावरून सरपटत बॉडीकडे पळताना दिसते. कॅपला केसाएवढी चीर असते, तीही तेव्हाच उजळते. त्यासाठी गाडी रात्रभर ठेवून घ्यावी लागते आणि मलाही थांबावं लागतं. ही रात्र कुठल्या पार्टच्या बिलात लिहू?

हल्ली सगळ्यांकडे एक तयार उत्तर असतं: इथेनॉल. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि प्रत्येक मिसिंगचा ठपका त्याच्यावर बसायला लागला. त्यात तथ्य नाही असं नाही. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि जुन्या गाडीत हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं, भोक ठरलेलं, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. जुन्या रबरी नळ्या फुगतात, चिरतात. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर इथेनॉल पाणी ओढतं आणि ते टाकीच्या तळाशी बसतं. हे सगळं मी हातानं साफ केलंय. पण कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल चारही सिलिंडरला एकाच वाटेनं जातं. एकच सिलिंडर रुसला असेल तर पेट्रोलला बोल लावून भागत नाही, त्या सिलिंडरपाशी जावं लागतं.

पैसे घ्यायला मी का लागलो, ते आता सांगतो. चिपळूणकडचे एक निवृत्त शिक्षक त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन आले होते. १०८९ सीसीचं साधं इंजिन, ठिणगीची सोय जुन्या पद्धतीच्या पॉइंट-कंडेन्सरची, हात घालायला भरपूर जागा. सरांनी गाडी जिवापाड जपलेली, सीटची कव्हरं इस्त्री केल्यासारखी. तक्रार अशी की उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं, रस्त्याला लागली की थरथर लपते, आणि घाटात दम नाही. सोबत कापडी पिशवी होती आणि तिच्यात बदललेले सगळे पार्ट: प्लग, वायरी, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्ब्युरेटरचं किट. वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्येकानं आपापला अंदाज टाकलेला. स्लोवर थरथरते आणि रेसला लपते म्हटल्यावर कार्ब्युरेटरकडे बोट जाणार, हे मी समजू शकतो. माझंही आधी तिकडेच गेलं असतं.

मी वायरी काढून पाहिल्या. तिसऱ्याची काढली तर इंजिनला पत्ताच नाही. ठिणगी मात्र लख्ख. मग सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची चिठ्ठी धरली. ही माझ्या वस्तादांची रीत. धड इंजिन चिठ्ठीला सारखं बाहेर ढकलतं. इथे ती मधूनच आत ओढली जाऊन नळीला चिकटत होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर धरतो तो दाब, मापलं, तिसऱ्यात बाकीच्यांच्या जेमतेम निम्मं. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मापलं, काटा तसूभर वाढला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगांचा दोष नाही. शेवटी तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि सरांना म्हटलं, मागे जाऊन सायलेन्सरला कान लावा. ते गुडघ्यावर बसले. "हवा येतेय," म्हणाले. कार्ब्युरेटरमधून आली असती तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली असती तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर गॅस्केट. सायलेन्सरमधून आली म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या टॅपेटांवरचं कव्हर उघडलं. त्या व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांतली, सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा जाईना. विचारलं तेव्हा कळलं, मागे कधीतरी सरांना इंजिनाची टिकटिक खटकली होती आणि कुणीतरी टॅपेट आवळून ती बंद करून दिली होती. जुन्या इंजिनात थोडी टिकटिक चालते. फट अजिबात राहिली नाही तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळता वायू त्याच्या कडेनं निसटतो आणि कड जळत जाते. मी फट बरोबर केली, पुन्हा मापलं. कॉम्प्रेशन आलं नाही. व्हॉल्व्ह आधीच गेलेला होता.

मी सरांना स्पष्ट सांगितलं, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्हसकट झाकण, उतरवावं लागेल, तोवर घाटात नेऊ नका. त्यांनी खर्च विचारला, मी सांगितला. ते पिशवीकडे पाहत राहिले. एवढं घालून झाल्यावर पुन्हा एवढं? "चालतेय तोवर बघू," म्हणाले. पैसे किती झाले विचारलं. मी म्हटलं, काही नाही सर, पार्ट कुठे टाकलाय. अर्धा दिवस गेला होता.

पुढे ऐन पावसात कुंभार्ली घाटातून त्यांचा फोन आला. व्हॉल्व्हचा तुकडा तुटून पिस्टनवर पडला होता. त्यांच्या पत्नी गाडीत होत्या, धुकं, वरून पाऊस, आणि टोइंगची गाडी मिळेपर्यंत ती दोघं वळणावर बसून होती. हेड उतरवलं तर पिस्टनला भोक, हेडच्या आतून ठोकल्याचे खड्डे. दुरुस्तीचा आकडा आता कितीतरी पटींनी वाढलेला. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी पैसे मागितले असते तर मी तुमचं ऐकलं असतं."

मला राग आला. तो अजून गेलेला नाही. मी शोधून दिलं, मागे नेऊन ऐकवलं, घाटात नेऊ नका म्हटलं, यापेक्षा माणसानं काय करायचं? फुकट सांगितलं म्हणून ते खोटं ठरतं का? पण रात्री विचार केला की त्यांचं म्हणणं कळतंही. कॉइलचे पैसे मोजले होते म्हणून कॉइलवर विश्वास होता. मी सांगितलेल्या गोष्टीची किंमत मीच शून्य लावली होती. आणि खरं सांगायचं तर ते नुसतं औदार्य नव्हतं. पैसे मागितले तर गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही, ही भीती त्यात होती.

वस्तादांचा नियम होता: पार्ट टाकला नाही तर हात पसरायचा नाही. मी त्यांच्याकडेच शिकलो, कितीतरी वर्षं तसाच वागलो, आणि पैसे घ्यायला लागल्यावर पहिले काही महिने त्यांच्याशी मनात भांडत होतो. ते म्हणायचे, बघायचे पैसे लावलेस की गरीब माणूस बघायलाच येणार नाही, धक्के खात गाडी चालवेल. हे खोटं नाही. वडापवाला (सीटभाड्यानं जीप चालवणारा) दिवसाची कमाई हातात धरून उभा असतो तेव्हा मला आकडा सांगायला जड जातं. कधी सांगतो, कधी नाही. पण वस्तादांना मी उलट विचारतो: तुम्ही बघायचे पैसे घेत नव्हता, मग तुमचं घर कशावर चाललं? पार्टवरच ना? मिसिंगवाला आला की चार प्लग निघायचेच, लागोत न लागोत. फुकट बघायचं तर शोधायचा वेळ पार्टमध्ये वसूल करावा लागतो. सरांची पिशवी तशीच भरली. त्या मिस्त्रींना मी लबाड म्हणत नाही. शोधायचे पैसे त्यांनाही कुणी दिले नसते.

"मग दुरुस्ती तुमच्याकडे केली तर ते वजा तरी करा," असं पुष्कळजण सुचवतात. मी करत नाही. वजा केले की शोधणं पुन्हा फुकट झालं, आणि मलाही काहीतरी मोठं काम काढायचा मोह होणार. मी शोधलेलं कागदावर लिहून देतो, कॉम्प्रेशनचे चारही आकडे घालून. तो कागद घेऊन काम दुसरीकडे करा, माझी हरकत नाही. काहींना हे पटतं, काही चिडून जातात. सरांनी गाडी माझ्याकडूनच करून घेतली, पण त्या वाक्यावर आम्ही दोघंही परत बोललो नाही.

तेव्हा यायचं असेल तर गाडी संध्याकाळी आणून लावा, सकाळी पहिलं स्टार्ट मला थंड इंजिनावर करायचं असतं. प्लग पुसून आणू नका. आणि आधी जे जे बदललंय ते सांगा, कुणी टॅपेट आवळलेत का तेही.