आरसी बुकावरची एक ओळ आणि माझे सात महिने

फॉर्म ३५, म्हणजे आरसीवर नोंदलेला गाडीच्या कर्जाचा बोजा उतरवायचा अर्ज. हे नाव कुठे दिसलं की आजही माझं डोकं तापतं. घरच्या शेडमध्ये मी स्वतः एक गाडी बांधली. चेसिस जोडली, इंजिन बसवलं, वायरिंग ओढलं, यातलं काहीच मला इतकं जड गेलं नाही जितका एक शिक्का गेला. कोणी अशी गाडी बांधायचं मनात धरलं असेल तर त्यांनी पाना हातात घेण्याआधी हे वाचावं.

गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीवरची आहे. दोन सीटा, लांब नाक, वर छप्पर नाही. कॉलिन चॅपमनची ही गाडी १९५७ मध्ये आली आणि इंग्लंडात लोक तिचे सुटे भाग आणून घरी जोडायचे, कारण किटवर तिथला खरेदी कर लागत नसे. मला काही खोक्यात किट मिळणार नव्हतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि स्टिअरिंग, सगळं एकाच जुन्या गाडीतून काढायचं ठरवलं आणि ओमनी निवडली. मारुती ८०० मध्येही ७९६ सीसीचंच तीन सिलिंडरचं इंजिन असतं, पण ते आडवं बसवलेलं आणि ताकद पुढच्या चाकांना. ओमनीत इंजिन लांबीच्या दिशेनं आणि ताकद मागच्या चाकांना. सेव्हनला हेच लागतं.

ओमनी मिळाली नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या एका निवृत्त मास्तरांची, १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी पैसे दिले. काकाजींनी एकच अट घातली. "बेटा, गाडीचं तू काय करायचं ते कर, पण आधी माझं नाव कागदावरून काढ. उद्या याच नंबरची गाडी कुठं सापडली तर पोलीस माझ्या दारात येतील." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची मोडीत निघाली की मालकानं ते कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. मी शब्द दिला की नोंदणी रद्द होईपर्यंत एक नटही सोडणार नाही.

आणि मग आरसी बुक उघडलं. आतल्या पानावर निळ्या शाईचा अर्धवट पुसलेला शिक्का: गाडी एका फायनान्स कंपनीकडे तारण. कर्ज २००१ मध्येच फिटलं होतं. बोजा उतरवायचा असतो हे काकाजींना कोणी सांगितलंच नव्हतं.

बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो. दोन प्रती, त्यावर मालकाची सही, कर्ज देणाऱ्याची सही नि शिक्का, सोबत त्यांचं ना हरकत पत्र. पण ती कंपनी केव्हाच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. दुसऱ्या कंपनीच्या शाखेत गेले, तर उत्तर आलं, "मॅडम, हे खातं सिस्टिममध्ये दिसत नाही." मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे बाकीही दिसत नाही, मग तसं लिहून द्या. तर म्हणे कर्जाचा नंबर आणा. सतरा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा नंबर! काकूंनी माळ्यावरून लोखंडी पेटी काढली. मुलीच्या लग्नाच्या पत्रिका, विजेची बिलं, आणि खाली एका प्लास्टिकच्या पिशवीत हप्त्यांच्या पावत्या. शेवटच्या पावतीची घडी उलगडताना कागद मधोमध फाटला. नंबर मात्र शाबूत राहिला.

अर्ज मुंबईला गेला. मी दर सोमवारी शाखेत जायची. "या आठवड्यात होऊन जाईल ना," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की खुर्चीवर बसण्याआधीच परत फिरावंसं वाटे. अकरा आठवड्यांनी पत्र आलं, तर चेसिस नंबरातला एक आकडा चुकलेला. ३ च्या जागी ८. ते पत्र परत गेलं. दुसरं आलं ते बरोबर होतं, पण फॉर्म ३५ वर सहीच नव्हती, सही-शिक्का फक्त पत्रावर. फॉर्म पुन्हा मुंबईला. तो परत आला तोवर पत्रावर छापलेली ९० दिवसांची मुदत उलटून गेली होती. त्या दिवशी मी शाखेतच मोठ्यानं बोलले. त्याची मला लाज वाटत नाही. शाखेतल्या एका नव्या मुलीनं माझ्यासमोर मुंबईला फोन लावला, दोन्ही कागद एकाच पाकिटात मागवले, आणि नऊ दिवसांत ते आले. जे नऊ दिवसांत होत होतं त्याला सात महिने का लागले, याचं उत्तर मला कोणी दिलं नाही.

ते सात महिने ओमनी आमच्या कडुलिंबाखाली अख्खी उभी होती आणि शेडमध्ये माझी चेसिस इंजिनाची वाट बघत होती. आरटीओतलं काम मग दोन फेऱ्यांत आटोपलं. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतली, निरीक्षकांनी गाडी पाहिली, नंबराचा तुकडा कापून जमा केला. हे २०१९ मधलं. २०२१ मध्ये नोंदणीकृत भंगार केंद्रांचे नियम आले आहेत, तेव्हा आता करणाऱ्यांनी आधी तिथे जाऊन विचारावं. आणि जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज नंतर ऐका, आधी आरसीवरचा बोजा बघा.

चेसिसबद्दल थोडं. २५ बाय २५ चा चौकोनी पाइप, जाडी १.६ मिलिमीटर. आधी सगळीकडे नुसते टाके मारा, दोन्ही कर्ण मोजा, मगच पूर्ण वेल्ड करा. माझ्या पहिल्या चौकटीत कर्णांत ७ मिलिमीटरचा फरक आला, कारण एक बाजू सलग वेल्ड केली आणि उष्णतेनं ती ओढली गेली. ती कापून पुन्हा केली. ओमनीचे मागचे स्प्रिंगचे पाटे या हलक्या गाडीला फार कडक पडतात, मला काढून कमी करावे लागले.

नागपुरात खरी परीक्षा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. मे अखेरच्या नवतप्यात पहिल्यांदा दहा मिनिटं चालवली आणि काटा लालवर. रेडिएटर चांगला, पंखा चालू. सेव्हनच्या नाकात रेडिएटर खाली बसतो आणि इंजिन त्याच्याहून उंच, त्यामुळे वरच्या होजमध्ये हवा अडकून बसली होती. पाण्याची बाटली इंजिनाहूनही वर बसवली, नाक जॅकवर उचललं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरलं. तेव्हापासून भर मे महिन्यातही काटा मधल्या खुणेवर असतो. तो तिथे बघताना मला अजून आनंद होतो.

गाडी रस्त्यावर नेत नाही, हे सांगायचं राहिलं. नोंदणी व्हायची तर त्या मॉडेलला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली गाड्यांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते. घरी बांधलेल्या एकुलत्या गाडीला ती कुठून आणणार? ज्यांना रस्त्यावरच चालवायची आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये. माझी कळमेश्वरजवळ भावाच्या शेतात, संत्र्याच्या बागेभोवतीच्या आमच्याच रस्त्यावर फिरते. पांदणीवरही मी ती काढत नाही, ती सगळ्यांची वाट.

देखभालीत नटबोल्ट सगळ्यात महत्त्वाचे. घट्ट केलेल्या प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. मी दर रविवारी टॉर्च घेऊन खाली शिरते. ब्रेक ऑइल ओल धरतं, ते दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी कितीही कमी चालली तरी.

गेल्या दिवाळीत काकाजींना शेतावर नेलं. शेजारच्या सीटवर बसून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "हे तर आमच्याच गाडीचं इंजिन." मग म्हणाले, दुसरा गिअर अजूनही तसाच अडतो का बघ. अडतो.