पदराच्या गाठीतल्या लेंड्या

मे महिन्यात परभणीत दुपारी बारानंतर माझ्या दवाखान्यात सहसा कोणी फिरकत नाही. पारा ४२-४३ वर. म्हशीवाले सकाळीच येऊन जातात, शेळ्यांचे फोन दिवे लागल्यावर. म्हणून त्या दिवशी भर उन्हात भाजीच्या क्रेटवर ओला टॉवेल टाकून एक कुटुंब आत शिरलं तेव्हा मला वाटलं, कुत्र्याची पिल्लं असतील. टॉवेल काढला तर दोन पांढरे ससे.

वडील, सातवी-आठवीतला मुलगा आणि मागे आजी. आजी सेलूकडच्या गावाहून लेकाकडे आलेली. ससे दिवाळीच्या सुमारास दुकानातून घेतलेले, 'दोन्ही माद्याच' या खात्रीवर. नावं राणी आणि सोनी. राणी कालपासून खात नव्हती आणि सोनीला म्हणे खरूज झाली होती, छातीवरचे केस गेले होते.

"खायला काय देता?"

"सगळं खातात मॅडम. पोळी, बिस्किट, हरभऱ्याची डाळ, गाजर."

"आणि गवत?"

"गवत कुठून आणायचं मॅडम इथं?"

पिंजरा वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. मला पुढचं विचारायची गरजच उरली नाही.

ताप मोजायला राणीला आडवं केलं तेव्हा पहिला उलगडा झाला: राणी नर होता. ताप १०५ फॅरनहाइट. सशाचा साधारण १०१ ते १०३ असतो. ससा हा फार फसवा रुग्ण. कुत्रं विव्हळतं, म्हैस रवंथ सोडते, ते कोणालाही कळतं. ससा दुखणं लपवतो, कोपऱ्यात अंग आखडून बसतो आणि घरच्यांना वाटतं, उन्हानं सुस्तावलाय. पोटाला स्टेथोस्कोप लावला. निरोगी सशाच्या पोटात अधूनमधून गुरगुर चालू असते. इथं बराच वेळ कान लावूनही काही ऐकू येईना.

"शेवटची लेंडी कधी टाकली?"

वडिलांनी मुलाकडं पाहिलं, मुलानं वडिलांकडं. तेवढ्यात आजी पुढं आल्या आणि पदराची गाठ सोडून टेबलावर ठेवली. "ह्या परवाच्या, ह्या कालच्या. आज काहीच नाही. शेळी अशी हगली असती तर मी सकाळीच उठून निघाले असते, बाई. ह्यांना कालपासून सांगायलेय."

परवाच्या गोल, वाटाण्याएवढ्या. कालच्या बारीक, कडक, वेड्यावाकड्या आणि दोन-तीन एका केसात ओवलेल्या. एक्स-रेनं मला याहून फार वेगळं सांगितलं नसतं.

सशाला उलटी होत नाही. जे पोटात गेलं ते पुढंच सरकायला हवं, आणि ते सरकवतो गवतातला चोथा. अंग चाटताना गिळलेले केसही त्याच्यासोबत निघून जातात. डाळ-बिस्किटावर आतडं मंदावतं, त्यात उन्हानं पाणी कमी, मग वायू धरतो. अर्धा दिवस खाणं आणि लेंडी दोन्ही बंद म्हणजे ससा गंभीर आजारी, उद्यावर टाकायचा विषय नाही. दात आयुष्यभर वाढत राहतात, तेही गवत चावूनच झिजतात. याच्या दाढांना कडा आल्या होत्या, पण जीभ कापलेली नव्हती.

कान साध्या पाण्यानं ओले केले, बर्फाचं पाणी मुद्दाम टाळलं. कातडीखाली सलाइन, दुखण्यावरचं इंजेक्शन. पोट ढोलासारखं ताणलेलं नव्हतं, म्हणून थोड्या वेळानं सिरिंजनं पातळ खाणं सुरू केलं. एवढ्यात वडिलांनी खिशातून लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिनची बाटली काढली. कोणीतरी 'देऊन बघा' म्हणून दिलेली, सुदैवानं सील न फोडलेली. सशाला आणि गिनी पिगला हे औषध तोंडावाटे दिलं तर पोटातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि प्राणी हातचा जातो. बाटली मी ठेवून घेतली.

मग सोनी. मी खरवडून नमुना घ्यायला ब्लेड उचललं, तर आजी म्हणाल्या, "ती खरूज नाही. तोंडात केस घेऊन कोपऱ्यात नेऊन टाकायलीय कालपासून. घर करायलीय ती. व्यायला आलीय."

कातडी स्वच्छ, कुठं खपली नाही. पोट चाचपलं. आजी बरोबर होत्या. सशाचे दिवस साधारण ३१ असतात, आणि व्याल्या व्याल्या मादी पुन्हा गाभण राहू शकते. राणीचा पिंजरा त्याच दिवशी वेगळा करायला सांगितलं. मुलगा एवढंच म्हणाला, "मग राणीचं नाव बदलायचं का?"

दोघांनाही खालच्या खोलीत कूलरसमोर हलवलं. खायला वाळलेलं गवत आणि हरळी. लसूणघास एवढ्यासाठी नको की त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाला रोजचं झेपत नाही. रात्री उशिरा वडिलांचा फोन आला: राणीनं लेंड्या टाकल्या, आजी मोजायल्यात.

दोन दिवसांनी पुन्हा फोन, या वेळी आजींचाच, रागावलेला. "पाच पिल्लं झालीत, एक मेलं. आई जवळच जाईना. मी धरून थानाला लावू का?" शेळीचं शहाणपण इथं मात्र चालेना. सशीण दिवसातून एकदा-दोनदा, तेही काही मिनिटंच पाजते. पिल्लांची पोटं पाहायला सांगितलं: गोल, ताणलेली असतील तर हात लावू नका. होती.

तुरीच्या शेतात रानसशाचं पिल्लू सापडलं की लोक हीच चूक करतात, 'आई टाकून गेली' म्हणून उचलून आणतात. ते जन्मतःच केसाळ, डोळे उघडे, आणि आई संध्याकाळी येते. ते जागेवरच ठेवायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते पाळताही येत नाही.

हल्ली कोणी 'मुलांना ससा घेऊ का' विचारलं की मी आधी घरातली सगळ्यात थंड खोली विचारते. ससा आठ-दहा वर्षं जगतो. तोवर मुलगा कॉलेजात. गिनी पिगला रोज बाहेरून व्हिटॅमिन सी लागतं, आवळा-पेरू-शिमला मिरची पुरवणार का? हॅमस्टर रात्री जागतो, मुलं झोपल्यावर.

पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावर दुकानदार परत घ्यायला तयार होता. आजींनी नाही म्हटलं. दोन शेजारी गेली, दोन ठेवली. तीन महिन्यांच्या आत नर-मादी तपासायला आणायची ताकीद मी दिलीय.