बटण तीन सेकंद दाबून धरलं तेव्हा

मी साताऱ्यात मारुती ८०० वर गाडी शिकलो. पावसाळ्यात घाटातल्या वळणावर वेग जरा जास्त झाला की पुढची बाजू बाहेर सरकायला लागायची. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बिचारी परत वळणात यायची. पुढे वीस वर्षं त्या एकाच सवयीवर निभावलं. मग स्टुटगार्टला नोकरी लागली, हातात थोडे पैसे आले आणि मी २०१३ ची जुनी टोयोटा जीटी-८६ घेतली. ताकद मागच्या चाकांना, २०० हॉर्सपॉवर, आणि टायर त्याच जातीचे जे टोयोटा प्रियसला बसवायची. गाडी मुद्दाम घसरणारी ठेवलेली आहे हे मला नंतर कळलं.

गियरच्या दांड्याजवळ दोन बटणं होती. एकावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र, दुसऱ्यावर ‘व्हीएससी स्पोर्ट’. स्पोर्ट म्हणजे इंजिन जास्त जोर लावणार, असं समजून मी ते रोज दाबायचो. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी, ओल्या पानांनी भरलेल्या चौकातून दुसऱ्या गियरमध्ये बाहेर पडताना मागची बाजू हातभर बाहेर गेली, डॅशबोर्डवरचा दिवा फडफडला, कर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी सरळ झाली.

“काय झालं?” बायको.

“काही नाही.”

“मग बाजूच्या खिडकीतून मला समोरचा रस्ता कसा दिसला?”

घरी येऊन पहिल्यांदा मॅन्युअल उघडलं. या गाडीत त्या बटणाचा इंजिनाशी काहीही संबंध नाही. ते फक्त एवढंच ठरवतं, की गाडी किती घसरली म्हणजे घसरण आवरणाऱ्या यंत्रणेने (व्हीएससी ती हीच) हात घालायचा. म्हणजे इतके दिवस मी रोज सकाळी स्वतःहून जाळं खाली सरकवून दोरीवर चढत होतो. दुसऱ्या दिवशी सुरक्षित ड्रायव्हिंगच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं.

तिथे पाण्याचे फवारे सोडलेलं एक गुळगुळीत वर्तुळ होतं. प्रत्येक गाडीत एक वॉकीटॉकी, आणि प्रशिक्षक बाहेर छत्री घेऊन उभा. आधी त्याने थोडक्यात सांगितलं. स्टेअरिंग किती वळवलंय यावरून यंत्रणा तुम्हाला कुठे जायचंय ते ओळखते, दुसरा सेन्सर गाडी खरोखर किती फिरतेय ते सांगतो. दोन्हींचा मेळ बसला नाही की ती एकेका चाकाला ब्रेक लावते. मागची बाजू सुटली तर बाहेरच्या पुढच्या चाकाला, पुढची बाजू सरळ निघाली तर आतल्या मागच्या चाकाला. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये हे पहिल्यांदा आलं, पण १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांच्या चाचणीत छोटी ए-क्लास उलटली तेव्हा कुठे ते साध्या गाड्यांपर्यंत उतरायला लागलं.

पहिली फेरी सगळं चालू ठेवून. ताशी ३५ ला पाय दाबला तर इंजिनच मरगळलं. पाय खाली, दिवा लुकलुकतोय, गाडी ढिम्म. कंटाळवाणं, पण सुरक्षित, असं मनात म्हणतोय तोवर त्याने ४५ ने वर्तुळात शिरायला सांगितलं. दिवा अखंड फडफडत होता, ब्रेक कुरकुरत होते, आणि गाडी शांतपणे वर्तुळाबाहेर गवताकडे निघाली. जी पकड रस्त्यावर नाहीच ती यंत्रणा आणणार कुठून?

मग पहिलं बटण नुसतं एकदा दाबून. आता इंजिन कोणी रोखत नाही, पण घसरण आवरणारी यंत्रणा जागीच. चाकं भिरभिरली, मागची बाजू सुटली आणि लगेच कुणीतरी कॉलर धरून ओढावं तसा झटका. शिवाय वेग वाढला की ही सूट आपोआप रद्द होते. बर्फात रुतलेली गाडी काढायला उत्तम. मजेसाठी वापरणाऱ्यांचं मला कळत नाही.

स्पोर्टमध्ये मात्र मी हिरो झालो. मागची बाजू छान बाहेर यायची, मी स्टेअरिंग उलटं फिरवायचो, गाडी सावरायची. चार फेऱ्यांनंतर वॉकीटॉकीतून आवाज आला, “यात तुमचं किती आणि गाडीचं किती? थांबा आणि पहिलं बटण तीन सेकंद दाबून धरा.”

थांबलो. दाबून धरलं. दोन दिवे लागले, म्हणजे घसरण आवरणारी यंत्रणाही बंद.

पहिल्याच प्रयत्नात मागची बाजू सुटली आणि साताऱ्याचा पाय आपोआप वर आला. तिथेच घात. पाय काढला की वजन पुढे जातं, आधीच सुटलेली मागची चाकं आणखी हलकी होतात. दीड गिरकी, इंजिन बंद, समोर फवारा. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा पाय तसाच ठेवला, स्टेअरिंग उलटं फिरवलं, गाडी सावरली, पण ते परत सरळ करायला उशीर झाला आणि ती तितक्याच जोरात दुसऱ्या बाजूला फेकली गेली. घाबरून ब्रेक दाबला तेव्हा पायाखाली पेडल थरथरलं. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस तेवढं जागं होतं.

“ब्लिक!” प्रशिक्षक प्रत्येक वेळी ओरडत होता. ब्लिक म्हणजे नजर. मी बॉनेटकडे बघत होतो, आणि त्याचं म्हणणं, पलीकडच्या कडेच्या लाल ट्रॅफिक कोनकडे बघा, हात मागोमाग येतील. सहाव्या फेरीला खरंच आले. दोनेक सेकंद गाडी आडवी, पाय हलका पण स्थिर, नजर कोनवर, आणि स्टेअरिंग बोटांतून सरकत आपलं आपण सरळ झालं. तोंडातून एक मराठी शब्द निघाला. वॉकीटॉकीचं बोलायचं बटण दाबलेलं नव्हतं, नशीब.

संध्याकाळी निघताना मी विचारलं, रस्त्यावर कोणता मोड ठेवू? त्याने उत्तर दिलं नाही. खिशातून एक युरोचं नाणं काढलं आणि वाकून माझ्या मागच्या टायरच्या खाचेत उभं घातलं. नाण्याची सोनेरी कडा तीन मिलिमीटरची असते. ती खाचेत बुडायला हवी. माझ्या टायरवर ती जवळजवळ सगळी बाहेर दिसत होती.

सगळं चालू ठेवून, उजव्या लेनमधून, ट्रकच्या मागे घरी आलो. सोमवारी चारही टायर बदलले.