पेन्सिल, पेट्या आणि डॉ. मिचेल

मी फिजिओथेरपिस्ट. शिकले मिरजेत, सध्या न्यू जर्सीत नोकरी. मिरजेला एक आजोबा यायचे, गुडघ्याखालून पाय काढलेला. म्हणायचे, "ताई, अंगठा नाही, पण अंगठ्याला खाज सुटते बघा." याला 'फँटम लिंब' म्हणतात, एवढं पुस्तकी ज्ञान मी त्यांना ऐकवायचे. हे नाव १८७१ साली रूढ करणारे डॉ. सायलस वेअर मिचेल फिलाडेल्फियाचे. त्यांचे कागदपत्र तिथल्याच 'कॉलेज ऑफ फिजिशियन्स'च्या ग्रंथालयात आहेत आणि ते माझ्या घरापासून गाडीने दीड तासावर. तरी जायला सात वर्षं लागली.

सुरुवातच चुकली. ईमेल केली की मला फँटम लिंबवरचे कागद बघायचेत. उत्तरात नम्रपणे उलटा प्रश्न आला: कोणाची पत्रं हवीत? मी गप्प. विषय टाकला की कागद समोर, अशी सवय झालेली. जुना पत्रव्यवहार बहुधा लिहिणाऱ्याच्या नावाने लावलेला असतो. माणूस माहीत नसेल तर कुठली पेटी मागायची तेही सांगता येत नाही.

मग दोन आठवडे गृहपाठ. मिचेलांचा गोतावळा मोठा. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियातल्या टर्नर्स लेन इथे चारशे खाटांचं हॉस्पिटल होतं, खास नसांच्या (मज्जातंतूंच्या) जखमांसाठी. तिथे त्यांच्यासोबत डॉ. जॉर्ज मोरहाउस आणि डॉ. विल्यम कीन. तिघांनी मिळून १८६४ साली बंदुकीच्या जखमांवर पुस्तक काढलं. त्यातले सैनिक विसरता येत नाहीत. नस दुखावलेल्या हाताची अशी आग व्हायची की माणूस पाण्याची बाटली आणि स्पंज घेऊनच फिरायचा. काही जण तर बुटात पाणी ओतून चालायचे, कारण कोरड्या पावलाचं घर्षणही त्या हाताला सोसवत नसे. दीडशे वर्षांपूर्वीचं हे वाचताना मला माझ्याच ओपीडीतले चेहरे दिसत होते.

खरं सांगायचं तर मनात अढी घेऊनच गेले. मुलींनी फार अभ्यास केला की तब्येत बिघडते, असं लिहिणारे हे गृहस्थ. दमलेल्या बायकांना सहा-आठ आठवडे अंथरुणात झोपवून ठेवायचा 'रेस्ट क्युअर'ही त्यांचाच. आणि १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या त्या याच शहरात!

वाचनकक्षात पर्स, डबा, पेन सगळं बाहेर. पेन्सिल आणि सुटे कागद तेवढे आत. एका वेळी एकच फोल्डर टेबलावर, पानांचा क्रम बदलायचा नाही, फोटो काढा पण फ्लॅश नको. सवयीने खिशातलं बॉलपेन बाहेर काढलं तर समोरच्या बाई काही न बोलता एक पेन्सिल ठेवून गेल्या. अगदी शाळेत असल्यासारखं वाटलं.

आणि अक्षर! आमच्या आजोबांकडे मोडीतली खरेदीखतं होती. ते म्हणायचे, आधी नावं ओळखायची, मग बाकीचं आपोआप सुटतं. ते इथे उपयोगी पडलं, पण उशिरा. एका पत्रात 'कीन' हा शब्द सारखा येत होता. मी त्याचा इंग्रजीतला अर्थ 'उत्सुक' घेत राहिले आणि वाक्य काही जुळेना. अर्धा तास गेल्यावर ट्यूब पेटली: अहो, हे तर आपले विल्यम कीन! त्यानंतर मी आधी कोऱ्या कागदावर मंडळींची नावं लिहून काढली आणि मगच पुढचा फोल्डर उघडला.

या मंडळींत मला सगळ्यात आवडले कॅनडाचे डॉ. विल्यम ऑस्लर. त्यांना फिलाडेल्फियात प्राध्यापक नेमायचं की नाही हे ठरवायला मिचेल त्यांना १८८४ साली लंडनमध्ये भेटले. ऑस्लर पुढे गमतीने सांगत की खरी परीक्षा जेवणाच्या टेबलावर झाली. 'चेरी-पाय' (चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ) वाढायचा आणि माणूस बिया कशा काढतो ते बघायचं! ऑस्लरना ही युक्ती आधीच ठाऊक होती. त्यांनी बिया अलगद चमच्यात काढल्या आणि नोकरी मिळवली. आपल्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा कांदेपोहे असतात, तसंच काहीसं.

दुपारपर्यंत दुसरी गोष्ट लक्षात आली. डॉक्टरांच्या पेटीत मुख्यतः दुसऱ्यांनी त्यांना लिहिलेलं असतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं गेलं दुसऱ्यांच्या घरी. गाडीत शेजारचा माणूस फोनवर बोलतो तेव्हा आपल्याला एकच बाजू ऐकू येते, तसं. मिचेलांचे जिवलग मित्र जॉन शॉ बिलिंग्ज. त्यांचे कागद न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत, कारण तिचे ते पहिले संचालक. ऑस्लरचे मॉन्ट्रियलला, मॅकगिल विद्यापीठात. एक संवाद पुरा वाचायचा तर तीन शहरं, दोन देश.

माझी अढी थोडी सैल झाली ती तारखा जुळवताना. मिचेलांची पहिली बायको १८६२ साली घटसर्पाने गेली. १८९८ साली तरुण मुलगी मरायाही त्याच रोगाने गेली. तिच्या स्मरणार्थ शिल्पकार सेंट-गॉडेन्सने घडवलेली देवदूताची मूर्ती आता फिलाडेल्फियाच्याच कलासंग्रहालयात आहे. त्या वर्षाचा फोल्डर उघडला तेव्हा मी टिपणं घेतली नाहीत. नुसती वाचत बसले.

रेस्ट क्युअरबद्दलचा राग मात्र तसाच आहे.

निघताना माझे कागद एकेक उलटून तपासले गेले, पर्स परत मिळाली. त्याच आठवड्यात न्यूयॉर्कला बिलिंग्जच्या कागदांसाठी ईमेल टाकली. या वेळी विषय लिहिला नाही, नावं लिहिली. पेन्सिली तर दोन घेऊन ठेवल्यात.