नॅसचा बॅकअप: दोन यूएसबी डिस्क, आलटून पालटून

नॅसमध्ये, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या फायली साठवणाऱ्या पेटीत, दोन डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावल्या की एक मेली तरी डेटा राहतो. पण चुकून पुसलेलं फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातं, आणि विजेच्या झटक्याने पेटीच जळाली तर दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या रॅन्समवेअरने (फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅसमधल्या फायली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिपमध्ये कोंबल्या. अशा हल्ल्याला यंत्राशी जोडलेली कोणतीही डिस्क गाठता येते. म्हणून नॅसच्या मागे कायम खोचलेल्या यूएसबी डिस्कला मी बॅकअप मानत नाही. डिस्क दोन घ्याव्यात. एक जोडायची, बॅकअप झाला की काढायची, पुढच्या वेळी दुसरी. जी वापरात नसेल ती शक्यतो दुसऱ्या घरी.

समजा नॅसवर ३ टीबी डेटा आहे. मग प्रत्येकी ५ टीबीच्या दोन डिस्क पुरतात, कारण जुन्या आवृत्त्यांनाही जागा लागते. अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते, पण या आकारात त्या बहुतेक एसएमआर प्रकारच्या, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहिणाऱ्या असतात. सुरुवातीला वेग बरा मिळतो, मग डिस्कचा कॅशे भरला की लहान फायलींवर तो फार पडतो. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अॅडॅप्टर लागतो. तो अॅडॅप्टरही यूपीएसवरच हवा. नॅस यूपीएसवर आणि डिस्कचा अॅडॅप्टर भिंतीतल्या साध्या प्लगवर, अशी जोडणी पुष्कळ घरांत दिसते. दिवे गेले की नॅस चालू राहतो आणि डिस्क लिहिता लिहिता बंद पडते.

पोर्ट निळा, म्हणजे यूएसबी ३ चा आहे ना ते पाहा. सेकंदाला १०० एमबी मिळाले तर ३ टीबीची पहिली प्रत सव्वाआठ ते साडेआठ तासांत होते. तीच यूएसबी २ वर सेकंदाला ३५ एमबीने जवळपास २४ तास घेते. केबल सैल किंवा जुनी असली तरी जोडणी गुपचूप यूएसबी २ वर उतरते, तेव्हा वेग कमी वाटला तर आधी केबल बदलून बघा.

विकत घेतलेली डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीत) येते. नॅस लिनक्सवर चालत असेल तर ती सरळ लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करावी. एक्सफॅटवर लिनक्सच्या परवानग्या राहत नाहीत, हार्डलिंक (एकाच फाइलला अनेक नावं) होत नाहीत, आणि जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसल्यामुळे वीज जाण्याचा फटका जास्त बसतो. शिवाय फायलींच्या नावांची एक खास आपली अडचण आहे. ‘स्वतः’मधल्या विसर्गाच्या जागी पुष्कळ जण कोलन टाइप करतात. लिनक्सवर असं नाव चालतं, पण एक्सफॅटला आणि विंडोजला कोलन चालत नाही, आणि नेमकी ती फाइल कॉपी व्हायची राहते. बॅकअपच्या लॉगमध्ये ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ दिसलं की आधी नावात कोलन, प्रश्नचिन्ह शोधा.

ईएक्सटी४ करताना ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी) राखीव जाते. ५ टीबीवर ती २५० जीबी होते. बॅकअपच्या डिस्कवर ती नको, ट्यून-टू-एफएस आज्ञेने शून्यावर आणा.

ओपनमीडियाव्हॉल्ट (नॅससाठीचं लिनक्स) किंवा साध्या डेबियन लिनक्सवर आरसिंक हा फायली कॉपी करणारा प्रोग्राम वापरायचा. दोन्ही डिस्कना एकच लेबल द्या आणि एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याच्या यादीत) त्या लेबलने माउंट करा, म्हणजे एका ठरलेल्या फोल्डरला जोडा, म्हणजे कोणतीही डिस्क लावली तरी तीच ओळ चालते. दोन्ही एकाच वेळी मात्र कधी जोडू नका. त्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय हवाच. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर रीबूटनंतर नॅस ९० सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये जातो. मॉनिटर नसल्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला तो मेल्यासारखाच वाटतो.

खरा घात पुढे आहे. डिस्क माउंट झालीच नाही तर माउंटचं फोल्डर रिकाम्या साध्या फोल्डरसारखं उरतं. आरसिंक निमूटपणे त्यातच लिहू लागतं आणि सिस्टिमची डिस्क भरून नॅस आडवा होतो. याला दोन कुलुपं लावा. डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर आज्ञेने ‘इम्युटेबल’ करा, म्हणजे त्यात काही लिहिताच येणार नाही. आणि दोन्ही डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवा. ती सापडली नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं.

आरसिंकच्या ‘ए’ पर्यायात परवानग्या आणि वेळा येतात. हार्डलिंक, एसीएल (परवानग्यांच्या सविस्तर याद्या) आणि वाढीव गुणधर्म येत नाहीत. त्यांसाठी मोठा एच, मोठा ए आणि मोठा एक्स जोडावा लागतो. स्रोताच्या नावाशेवटी तिरकी रेघ असेल तर फोल्डरच्या आतलं सामान जातं, नसेल तर फोल्डरच जातं. ‘डिलीट’ (स्रोतात नसलेलं प्रतीतूनही पुसणाऱ्या) पर्यायासोबत ही रेघ चुकली तर नको ते पुसलं जातं, म्हणून प्रत्येक बदलानंतर आधी ‘एन’ लावून काहीही न लिहिणारी कोरडी फेरी घ्या आणि यादी डोळ्यांखालून घाला.

त्यापेक्षा आरसिंकचा ‘लिंक-डेस्ट’ पर्याय चांगला. दर वेळी तारखेचं नवं फोल्डर होतं, न बदललेल्या फायली हार्डलिंकने जोडल्या जातात, आणि प्रत्येक फोल्डर पूर्ण दिसत असूनही जागा फक्त बदललेल्या फायलींची जाते. नाव बदललेलं फोल्डर मात्र नवं धरलं जातं. ६०० जीबी फोटोंच्या फोल्डरचं नाव बदललं तर ६०० जीबी पुन्हा लिहिले जातील. सगळ्या तारखांमागे फाइलची प्रत एकच असते, तो सेक्टर खराब झाला तर सगळ्या आवृत्त्या एकदम जातात. दुसरी डिस्क यासाठीही हवी.

नॅसवर नेक्स्टक्लाउड (फायलींसाठी) किंवा इमिच (फोटोंसाठी) चालवत असाल तर डेटाबेस चालू असताना त्याच्या फायली कॉपी करू नका. ती प्रत अर्धवट निघते आणि उघडेलच असं नाही. आधी डेटाबेसचा डंप (त्यातल्या डेटाची वेगळी फाइल) काढा, मग आरसिंक.

सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर हायपर बॅकअप हा प्रोग्राम हे काम करतो. त्यातला एकाच आवृत्तीचा प्रकार साध्या फायली ठेवतो. अनेक आवृत्त्यांचा प्रकार स्वतःच्या रचनेत ठेवतो, तो संगणकावर उघडायला हायपर बॅकअप एक्सप्लोरर लागतो. ते आजच उतरवून ठेवा.

कॉपी संपली असं दिसलं तरी शेवटचा डेटा काही वेळ मेमरीतच असतो. अनमाउंटची आज्ञा परत येईपर्यंत केबलला हात लावू नका. डिस्क दुसऱ्या घरी जाणार असेल तर लक्सने (लिनक्सच्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) एन्क्रिप्ट करा, पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून दूर ठेवा, आणि लक्सच्या हेडरचीही (डिस्कच्या सुरुवातीच्या, किल्ल्या असलेल्या भागाचीही) प्रत काढा. तो हेडर बिघडला तर पासवर्ड असूनही काही मिळत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, डिस्क झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवावी.

दर तीन महिन्यांनी डिस्क नॅसला न लावता वेगळ्या लॅपटॉपला लावा. विंडोज ईएक्सटी४ आपणहून वाचत नाही, तेव्हा उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार असू द्या. वेगवेगळ्या वर्षांची पाच-दहा फोल्डरं उघडा, एखादा मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा, डेटाबेसचा डंप खरोखर परत भरून बघा. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते ते आकडेही तेव्हाच वाचा. यूएसबीतून ते दिसले नाहीत तर ते वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल आज्ञेला उपकरणाचा प्रकार ‘सॅट’ सांगितला की बहुतेकदा दिसतात. ‘पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न आलेल्या जागांचा आकडा) शून्याच्या वर गेला असेल तर त्या डिस्कवर पुढचा बॅकअप घेऊ नका, आधी नवी डिस्क आणा.