आगाऊ रक्कम मागण्याचा आगाऊपणा

लहानपणी 'आगाऊपणा करू नकोस' इतक्यांदा ऐकलंय की कामाआधी पैसे मागायचे म्हटलं तरी पाठीत धपाटा बसेल असं वाटायचं. त्या पैशांनाही नेमकं 'आगाऊ रक्कम'च म्हणतात!

मी पाकिटांची, लेबलांची डिझाइनं करते. घर भांडुपला, ऑफिस म्हणजे खिडकीपाशचं टेबल. 2022 मध्ये एकाला 32 पानांचा कॅटलॉग करून दिला, 27,000 रुपयांना. फाइल गेली, 'मस्त झालंय ताई' आलं, अंगठा आला, पैसे आले नाहीत. पाच महिने फोन केले. शेवटी शेवटी मलाच ओशाळल्यासारखं व्हायला लागलं, जसं काही मीच उधार मागतेय.

माझा मामा गिरगावात लग्नकार्यांच्या जेवणाची कामं घेतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "अगं, विसार हातात पडल्याशिवाय मी कांदासुद्धा चिरत नाही. आणि तू अख्खी पंगत वाढून मोकळी?"

फेब्रुवारी 2025 मध्ये लालबागच्या एका मसालेवाल्यांचं काम आलं. सहा मसाल्यांची पाकिटं, एकाचे 10,000, म्हणजे 60,000. गल्लीत बेडगी-संकेश्वरीची पोती रचलेली, खाली डंकांची धडधड, वर माडीवर त्यांचं ऑफिस. काम बोलून झालं आणि मी घरून पाठ करून आलेलं वाक्य म्हटलं: "निम्मे आधी लागतील, 30,000. ते जमा झाले की काम सुरू."

शेठनी काही उत्तर दिलं नाही. पेनाचं टोपण काढलं, लावलं.

माझं आजवरचं नुकसान याच जागी झालंय. समोरचा गप्प बसला की चार सेकंदांत मीच म्हणायची, "नाही, म्हणजे, तुम्ही म्हणाल तसं." त्या दिवशीही ते वाक्य ओठांवर आलंच होतं, पण खालून मिरचीचा खकाणा आला आणि मला शिंका सुरू झाल्या. एकामागून एक सात-आठ. बोलणं शक्यच नव्हतं. मी डोळे पुसून वर बघेपर्यंत शेठच म्हणाले, "मॅडम, आम्ही कुणालाच ॲडव्हान्स देत नाही. पण 10,000 देऊ." म्हणजे देत होते! मग घासाघीस होऊन ठरलं: 40 टक्के आधी, 40 टक्के डिझाइन पास झाल्यावर, 20 टक्के ओपन फाइल्स, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ फाइल्स, देण्याआधी. तोवर 'नमुना' असा आडवा शिक्का मारलेली हलकी पीडीएफच जाणार.

घरी येऊन त्याच संध्याकाळी हे सगळं ईमेलवर लिहून पाठवलं, सोबत 24,000 चं प्रोफॉर्मा, म्हणजे पैसे येण्याआधी पाठवायचं कच्चं बिल. त्यात एक ओळ मुद्दाम टाकली: 'दहा दिवसांची मुदत रक्कम जमा झाल्याच्या तारखेपासून मोजली जाईल.'

अकाउंट्स बघणाऱ्या काकांनी पॅन, रद्द केलेला चेक आणि जीएसटी नंबर मागितला. माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या पुष्कळ आत, त्यामुळे जीएसटी नोंदणी नाही; तसं सहीनिशी लिहून दिलं. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा कागद, मात्र होतं. ती नोंदणी सरकारी साइटवर आधार आणि पॅन देऊन फुकट होते. माझ्या ओळखीतल्या एकीने त्यासाठी एजंटला पैसे मोजलेत, म्हणून सांगते.

नऊ दिवस काहीच नाही. दहाव्या दिवशी शेठचा फोन, "डिझाइन कुठवर आलं?" मी म्हटलं, "पैसे आले की दहा दिवस." खरं सांगायचं तर मालवणी आणि गोडा मसाल्याची पाकिटं तोवर करून झाली होती. हात स्वस्थ बसत नाहीत. पण बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेचा मेसेज: 21,600 जमा. माझं डोकं फिरलं. 40 टक्के ठरवून वर कापाकापी! तणतणत फोन लावला. काका शांतपणे म्हणाले, "10 टक्के टीडीएस आहे हो, तुमच्या नावे सरकारात भरायचा कर, 2,400. व्यावसायिक फीवर पैसे आधी दिले तरी कापावाच लागतो." 24,000 तर टीडीएसच्या तेव्हाच्या 30,000 च्या मर्यादेत बसत होते, तसं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, वर्षाची बेरीज 60,000 होणार हे ठाऊक असताना पहिल्यापासूनच कापतात. ते पैसे बुडत नाहीत, माझ्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतात आणि विवरणपत्र भरताना वळते होतात. मी फोन ठेवताना सॉरी म्हटलं.

पुढचे दोन हप्ते मात्र न मागता आले, 31 मार्चच्या आत. यात माझ्या धिटाईचा वाटा फारसा नाही. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे, समोरच्याने झालेलं काम स्वीकारल्यापासून, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. हे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यातच आहे. पण 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही तरतूद आली: मुदत टळली तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये काकांनाच माझ्यापेक्षा जास्त घाई होती. आगाऊ रकमेला या कायद्याचा काही उपयोग नाही. ती तोंडानेच मागावी लागते.

जूनमध्ये त्या कॅटलॉगवाल्याचा मेसेज आला: "ताई, एक छोटंसं काम होतं." मी प्रोफॉर्मा पाठवलं. पहिली ओळ: मागील बाकी 27,000. दुसरी ओळ: नवीन कामाचे आगाऊ 50 टक्के.

दोन निळ्या खुणा झाल्यात. उत्तर अजून नाही.