पंपाला सर्दी: माझ्या फियाटची जानेवारीची नोंद

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझी पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, गरम झाल्यावर बंद पडते ती पेट्रोलची वाफ होते म्हणून. ते वाक्य मागे घेतो. कसं घ्यावं लागलं ते खाली आहे.

रविवारी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे गेलो होतो. तिथल्या कापसातून सरकी काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात आपल्यासारखी माणसं गाड्या घेऊन जमतात. फी नाही, बक्षीस नाही, परीक्षक तर नाहीतच. गाडी कोणतीही चालते, फक्त स्वतःच्या चाकांवर यायला पाहिजे. जेवणाची वर्गणी तेवढी द्यायची.

सकाळी सव्वासातला पुलगाव सोडलं. थंडी एवढी की चोक पूर्ण ओढूनही तिसऱ्या सेल्फला उठली. विरूळपर्यंत मस्त चालली. मग इंजिन चांगलं तापलं आणि रोहण्याच्या अलीकडे नेहमीचं नाटक सुरू झालं. आधी एक मिसिंग, मग दोन-तीन लागोपाठ, मग रेस दिली तरी कोणी मागून धरून ठेवल्यासारखी, आणि शेवटी गप्प. बाजूला तुरीचं वावर. बोनट उघडलं, फडका भिजवला आणि टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर टाकला, तो गार व्हावा म्हणून. पाणी इतकं गार की बोटं बधिर झाली. ज्या हवेत माझे दात वाजत होते त्या हवेत पेट्रोल कसं उकळेल, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. मे महिन्यात ४५ डिग्रीला केलेलं निदान मी जानेवारीतही कवटाळून बसलो होतो.

त्या निदानावर झालेला खर्चही लिहून टाकतो. पंपाचा पडदा बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, आणि इथेनॉलच्या धास्तीनं पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाकले. पाइपांचं दुःख नाही. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं, चिरतं, ते आज ना उद्या करावंच लागलं असतं. बाकी पैसे पाण्यात.

दहा मिनिटांनी मागून एक कमांडर जीप आली. तीही तिथेच निघाली होती. ड्रायव्हर उतरला, बोनटमध्ये डोकावला आणि काही न विचारता सीटखालून दोर काढला. मुंबईकरांना काळी-पिवळी म्हटलं की माझीच गाडी आठवते. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची गेली. आमच्याकडे काळी-पिवळी म्हणजे ही जीप: आत पंधरा, मागच्या पायरीवर चार, टपावर गाठोडी आणि एखादी बकरी. तर एका काळ्या-पिवळीनं दुसरीला टोचन करून नेलं. फाटकाशी पोरांनी वाद घातला की टोचनवर आलेली गाडी नियमात बसत नाही. जीपवाला म्हणाला, "चाकं त्याचीच फिरून रायली होती ना बे?" मिटलं.

आवारात चाळीसेक वाहनं असतील. चकाचक म्हणावी अशी एकही नाही, आणि मला तेच आवडतं. दुधाच्या कॅन अडकवायचे हूक अजून शाबूत असलेली लुना. एक राजदूत, जिची टाकी चार वेळा वेगवेगळ्या रंगात रंगवलेली. मालकानं एका कोपऱ्यात घासून चारही थर मुद्दाम दाखवायला ठेवलेत. एका कंपाउंडरची मारुती ८००, मागच्या सीटला सलाइनची बाटली लटकवायचा खिळा ठोकलेला. एका मास्तरांनी दोन वर्षांची वॅगन आर आणली होती आणि ते उगाच ओशाळत होते. त्यांना म्हटलं, सर, वीस वर्षांनी हीच घेऊन या.

माझ्या गाडीभोवती लहान पोरांची गर्दी, कारण गिअरचा दांडा सापडेना. स्टीअरिंगखाली दाखवला तर एक म्हणतो, "हा तर इंडिकेटर आहे!" अल्टोवाल्या एका पोरानं टोमणा मारला, "काका, तुमच्या १०८९ सीसीत ४० हॉर्सपॉवर, माझ्या ७९६ मध्ये ४७." हिशेब खरा आहे, काय बोलणार. १९६४ मध्ये ही फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, १९७४ मध्ये पद्मिनी झाली. त्यालाही पन्नास वर्षं झाली, तरी आमच्याकडे अजून कोणी पद्मिनी म्हणत नाही. फियाटच.

आता मुद्द्याचं. लुना घेऊन आलेले म्हातारे गृहस्थ जुने ऑटो इलेक्ट्रिशियन निघाले. बराच वेळ लांबून ते माझा पंपावरचा फडका पाहत होते. जवळ आले.

"गरम झाल्यावरच बंद पडते ना जी?"

"हो काका."

"अन् थंडी झाली का आपसूक चालू?"

"हो."

"मंग पंपाले कायले ओला फडका गुंडाळता? सर्दी होईन त्याले."

त्यांनी डेल्कोचं, म्हणजे प्लगांना आळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्याचं, टोपण काढलं, आत फिरणारा रोटर उचलला आणि पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन बारीक तोंडं, माझ्यासमोर धरले. एका तोंडावर बारीक टेकाड, समोरच्यावर तेवढाच खड्डा, आणि भोवती निळसर-काळं जळकं. पॉइंट उघडतात तेव्हा ठिणगीचा करंट तयार करणाऱ्या कॉइलमधला करंट त्या फटीतून उडी मारू पाहतो. तो झेलायचं काम कंडेन्सरचं. कंडेन्सर खराब असला की तो गार असताना काम करतो, तापला की आतून गळतो. मग ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते, पॉइंट जळतात, प्लगपर्यंत पोचते ती मरतुकडी पिवळी. पुन्हा गार झाला की शहाण्यासारखा वागतो, म्हणून आपण पेट्रोलच्या मागे लागतो. फडका टाकून जी दहा मिनिटं मी थांबत होतो, त्यात पंप नाही, कंडेन्सर थंड होत होता. फडक्याचा काहीएक संबंध नव्हता!

लुनाच्या डिक्कीतल्या डब्यातून जुना पण चांगला कंडेन्सर निघाला. पॉइंट कानशीनं घासले. फट मोजायचं फिलर गेज दोघांकडेही नव्हतं. त्यांनी माझ्या डॅशबोर्डवरची एक लग्नपत्रिका उचलली, कोपरा फाडला आणि पॉइंटच्या फटीत घालून स्क्रू आवळला. "नवरदेव तुमच्या जवळचा नाही ना?" असंही विचारलं. घरी येऊन मोजलं तर ०.४५ मिमी. मला गेज असूनही इतकं जमत नाही. नंतर कॉइलची वायर बॉडीजवळ धरून सेल्फ मारायला लावला: ठिणगी निळी, आवाज खणखणीत. पैसे घेईनात. लुनाच्या टायरसाठी म्हणून बळेच खिशात कोंबले.

दुपारी गोवऱ्यांच्या आरावरचे रोडगे आणि वांग्याची भाजी. पंगतीत नेहमीची कुरकूर झाली: २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला १०,००० रुपये, दुचाकीला २,०००. लुनावाले काका म्हणाले, एवढ्यात तर अजून एक लुना येते. माझी मुदत पुढच्या वर्षी संपते.

चारला निघालो. रोहणं गेलं, विरूळ गेलं. मुद्दाम तिसऱ्या गिअरमध्ये ताणली, इंजिन तापू दिलं. पुलगावात फाटकाशी गाडी बंद न करता वीस मिनिटं उभी ठेवली. आयडलिंग हललं नाही. तरी हे जानेवारीतलं आहे, म्हणून खात्री मेमध्येच होईल. तोवर नवा कंडेन्सर आणि पॉइंट मागवलेत, काकांचा कंडेन्सर डिक्कीत स्पेअर म्हणून राहील. पुढचं काम ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर, तो काचेच्या मधोमध येऊन थांबतो.